वर्क व्हिसावरची नोकरी बदलताना : आखातापासून अमेरिकेपर्यंतचे नियम आणि गोंदियाकडचा कामगार

वर्क व्हिसावर परदेशी गेलेल्या माणसाची नोकरी आणि त्या देशातला मुक्काम एकाच परवान्याला जोडलेले असतात. गावाकडे नोकरी सोडली तर पगार थांबतो. परदेशात सोडली तर पगाराबरोबर राहण्याचा हक्क जाऊ शकतो, आणि पुष्कळदा डोक्यावरचे छप्परही जाते, कारण खोली कंपनीचीच असते. त्यामुळे ‘दुसरीकडे दोन पैसे जास्त मिळतात, जावे का?’ हा प्रश्न गोंदियाच्या राइस मिलमध्ये जेवढा सरळ असतो तेवढा रियाधच्या साइटवर किंवा न्यू जर्सीच्या कार्यालयात राहत नाही.

कोणत्याही देशाचे नियम वाचताना आधी एक गोष्ट पाहावी लागते : परवाना कोणाशी बांधला आहे? काही देशांत तो मालकाशी बांधलेला असतो, म्हणजे मालक बदलला की परवानाच बदलतो. काही देशांत तो मालकाच्या अर्जावर मिळतो, पण नव्या मालकाने ठरलेल्या रीतीने अर्ज केला की पुढे चालू राहतो. आणखी काही ठिकाणी सुरुवातीचा काळ संपल्यावर तो माणसाशीच बांधला जातो. नोकरी बदलण्याची कायदेशीर मुभा या चौकटीतून ठरते. ती मुभा प्रत्यक्ष वापरता येते की नाही हे मात्र व्हिसावर लिहिलेला हुद्दा, हातात असलेले दिवस आणि डोक्यावरचे कर्ज यांवर अवलंबून असते.

गोंदियातून परदेशाकडे

भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला गोंदिया हा आठ तालुक्यांचा, धानाचा आणि जंगलाचा जिल्हा. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार होती. रत्नागिरीसारखी परदेशी नोकरीची जुनी परंपरा इथे नाही. इथले स्थलांतर मुख्यतः हंगामी असते. खरिपाचा धान घरात आला की मजूर नागपूर-हैदराबादच्या बांधकामांवर जातो, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात आणि पावसाळ्यात रोवणीला परततो. मालकाचे पटले नाही तर या मजुराला ठेकेदार बदलायला कोणाची परवानगी लागत नाही.

परदेशी जाणारे साधारण दोन वाटांनी जातात. आयटीआय झालेला वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, सेंट्रिंगचा मिस्त्री किंवा ड्रायव्हर मुंबईच्या एजंटामार्फत आखाताकडे वळतो. इंजिनिअर झालेली मुले-मुली पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांतून किंवा उच्च शिक्षणाच्या निमित्ताने अमेरिका, युरोप गाठतात. नर्सिंगचे शिक्षण घेतलेल्यांना दोन्हीकडे मागणी आहे. या जिल्ह्याचे पासपोर्ट नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयातून निघतात, आणि नागपूरहून दोहा व शारजाला थेट विमाने सुटत आली आहेत. जिल्ह्यात परदेशी नोकरीचा अनुभव असलेली माणसे कमी असल्याने नियम समजावून सांगणाराही जवळपास सापडत नाही. माहितीसाठी सगळी भिस्त एजंटावर राहते, आणि एजंटाचे काम माणूस विमानात बसला की संपते.

निघण्यापूर्वीचा भारतीय कायदा

परदेशी नोकरभरतीवर भारतात १९८३च्या उत्प्रवास कायद्याचे नियंत्रण आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ (उत्प्रवास तपासणी आवश्यक) अशी नोंद असते. अशा व्यक्तीला आखाती देश, मलेशिया, जॉर्डन, इराक यांसह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. महाराष्ट्रासाठी हे कार्यालय मुंबईत आहे आणि अर्ज ‘ई-मायग्रेट’ या सरकारी प्रणालीतून होतो. नर्सना मात्र २०१५पासून, पासपोर्टवर ईसीआर नोंद नसली तरी, या १८ देशांसाठी मंजुरी लागते.

नोकरी बदलण्याच्या दृष्टीने या मंजुरीचे महत्त्व दुहेरी आहे. ई-मायग्रेटवर मालकाचे नाव, हुद्दा, पगार आणि कराराची मुदत नोंदलेली असते. तिकडे गेल्यावर वेगळे काम किंवा कमी पगार मिळाला तर तक्रारीला आधार म्हणून हाच कागद उपयोगी पडतो. दुसरी बाब विम्याची. ईसीआर कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते. तिचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. २०१७च्या सुधारणेनंतर मालक किंवा कामाचे ठिकाण बदलले तरी हा विमा चालू राहतो. नोकरी बदलताना कंपनीच्या अनेक सोयी सुटतात, पण हे संरक्षण सुटत नाही.

नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये. त्याहून जास्त रक्कम मागितली जाते तेव्हा बहुधा व्हिसाच विकला जात असतो, आणि तो विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज पुढे नोकरी बदलण्याच्या आड येते.

आखात : कफील आणि बदली

आखाती देशांत परदेशी कामगाराचा परवाना दीर्घकाळ ‘कफाला’ पद्धतीने चालला. स्थानिक प्रायोजक, म्हणजे कफील, कामगाराला आणतो, त्याचा इकामा, म्हणजे मुक्कामाचा परवाना, काढतो आणि त्याच्या मुक्कामाची जबाबदारी घेतो. जुन्या पद्धतीत कफिलाच्या ना-हरकतीशिवाय दुसरीकडे काम धरता येत नसे, आणि काही देशांत त्याच्या सहीशिवाय देशही सोडता येत नसे. गेल्या दीड दशकात प्रत्येक देशाने ही पकड आपापल्या परीने सैल केली, त्यामुळे ‘आखाताचा नियम’ असा एकच नियम आता उरलेला नाही.

सुरुवात बहरीनने केली. मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा तिथे २००९मध्येच आली. ओमानने १ जानेवारी २०२१पासून ना-हरकत दाखल्याची अट काढली, त्यामुळे करार संपल्यावर किंवा रीतसर मोडल्यावर कामगार नव्या मालकाकडे जाऊ शकतो. कतारने ऑगस्ट २०२०मध्ये कायदे बदलून ही मुभा घरकामगारांपर्यंत नेली. तिथे दोन वर्षांपर्यंत काम झाले असेल तर एक महिन्याची आणि त्याहून जास्त झाले असेल तर दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. मार्च २०२१पासून १,००० रियालचे किमान वेतनही लागू झाले.

संयुक्त अरब अमिरातीत फेब्रुवारी २०२२पासून नवा कामगार कायदा लागू आहे. सगळे करार मुदतीचे झाले आणि पूर्वसूचना ३० ते ९० दिवसांच्या दरम्यान करारात लिहावी लागते. उमेदवारीचा काळ जास्तीत जास्त सहा महिन्यांचा. त्या काळात त्याच देशात दुसरी नोकरी धरायची असेल तर एक महिन्याची सूचना द्यावी लागते, आणि भरतीचा खर्च नव्या मालकाने जुन्याला भरून द्यायचा असतो. देश सोडून जायचे असेल तर १४ दिवसांची सूचना पुरते. नोकरी सुटल्यावर थांबण्याची मुदत पूर्वी ३० दिवसांची होती. आता व्हिसाच्या प्रकारानुसार ती ६० ते १८० दिवसांची आहे.

कुवेतची चाल उलटसुलट राहिली आहे. खासगी क्षेत्राच्या व्हिसावर, ज्याला तिथे ‘कलम १८’ म्हणतात, तीन वर्षे झाल्यावर पूर्वसूचना देऊन मालकाच्या संमतीशिवाय बदलता येते. मात्र १ जुलै २०२५पासून याच कामगारांना देश सोडताना मालकाने मंजूर केलेला निर्गमन परवाना लागू झाला. घरकामगारांच्या ‘कलम २०’ व्हिसावरून ‘कलम १८’वर जाण्याची वाट एरवी बंद असते. २०२४च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये ती दोन महिन्यांपुरती उघडली गेली.

सौदी अरेबियात मार्च २०२१पासून नवी व्यवस्था आहे. करार संपल्यावर, किंवा सध्याच्या मालकाकडे एक वर्ष पूर्ण झाल्यावर पूर्वसूचना देऊन, ‘किवा’ या सरकारी प्रणालीतून संमतीशिवाय बदली होते. मालक कसूर करत असेल तर वर्षभर थांबावे लागत नाही. सलग तीन महिने पगार न देणे, इकामा किंवा परवाना संपू देणे, देशात आल्यापासून तीन महिन्यांत करार नोंदवला नसणे, या कारणांवर बदली आधीही मिळते.

व्हिसावरचा हुद्दा

सौदीची ही सवलत सर्वांना नाही. घरकामगार, घरगुती ड्रायव्हर, माळी, शेतमजूर आणि मेंढपाळ यांना ती लागू होत नाही. त्यांच्यासाठी वेगळे आणि आखूड नियम आहेत. ग्रामीण भागातून जाणाऱ्यांचे घोडे पुष्कळदा इथेच अडते. एजंट ‘ड्रायव्हरचे काम’ एवढेच सांगतो. व्हिसावर अरबीत ‘सायक खास’, म्हणजे घरचा खासगी ड्रायव्हर, असे असेल तर तो माणूस घरकामगारांच्या गटात मोडतो. तेच काम वाहतूक कंपनीच्या ट्रक ड्रायव्हरचे असेल तर त्याला सर्वसाधारण कामगार कायद्याचे संरक्षण मिळते. दोघांचे लायसन्स एक, चक्र हातात धरायचे कौशल्य एक, पगारही जवळपास सारखा असू शकतो. तरी वर्षभराने पहिल्याला जे करता येत नाही ते दुसऱ्याला मोबाइलवरून करता येते. वेल्डर म्हणून नेऊन व्हिसावर ‘आमेल’, म्हणजे साधा मजूर, लिहिले असेल तर पुढच्या मालकाला वेल्डर म्हणून बदली करून घेताना आधी हुद्दा बदलून घ्यावा लागतो. म्हणून व्हिसाचा कागद हाती येताच त्यावरचा हुद्दा जाणत्याकडून वाचून घेणे पगाराच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

दुसरा धोका ‘आझाद व्हिसा’ किंवा ‘फ्री व्हिसा’ या नावाने येतो. असा व्हिसा कोणत्याच कायद्यात नाही. एखादा कफील आपल्या नावावर कामगार आणतो, त्याच्याकडून ठरावीक रक्कम घेतो आणि ‘बाहेर कुठेही काम कर’ म्हणून मोकळे सोडतो. कामगाराला वाटते की आपण कोणाला बांधील नाही. प्रत्यक्षात इकाम्यावर ज्याचे नाव आहे त्याच्याखेरीज इतरत्र केलेले प्रत्येक काम बेकायदा असते. तिथे पगार बुडाला तर दाद मागता येत नाही, तपासणीत सापडल्यास दंड आणि परत पाठवणी होते, आणि कफिलाचे वर्षाचे पैसे चुकले तर तो कामगार पळून गेल्याची नोंद करू शकतो.

सौदीत या नोंदीला ‘हुरूब’ म्हणतात. ती झाल्यावर बँक खाते, बदली, सुटीचा व्हिसा सगळे अडकते. २०२२च्या बदलानंतर कामावर गैरहजर म्हणून नोंद झालेल्या कामगाराला ६० दिवसांत नव्या मालकाकडे बदली घेण्याची किंवा कायमचे निर्गमन करण्याची संधी मिळू लागली. मालकाशी भांडण झाले म्हणून खोली सोडून मित्राकडे जाऊन राहणे म्हणूनच महागात पडते. आधी तक्रार नोंदवावी आणि मग जागा सोडावी, हा क्रम उलटला तर खरा तक्रारदारच फरारी ठरतो.

हिशेबाची बाजू

आखातात नोकरी सोडताना मिळणारी सेवासमाप्तीची रक्कम ही साधारण कामगाराची सर्वांत मोठी एकरकमी कमाई असते, आणि कधी बदलावे हे पुष्कळदा तिच्यावरून ठरते. सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याचा पगार असा हिशेब आहे. कामगाराने स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच मिळत नाही. दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांत दोन तृतीयांश आणि दहा वर्षांनंतर पूर्ण रक्कम मिळते.

समजा, आमगाव तालुक्यातल्या एका मिस्त्रीचा शेवटचा पगार १,५०० रियाल आहे. चार वर्षांची पूर्ण रक्कम ३,००० रियाल होते. मुदत संपेपर्यंत थांबून, कराराचे नूतनीकरण न करता तो दुसरीकडे गेला तर ही सगळी रक्कम त्याची. मध्येच राजीनामा देऊन गेला तर १,००० रियाल. सहा वर्षांनी पूर्ण रक्कम ५,२५० आणि राजीनाम्याने ३,५०० रियाल. महिन्याला २०० रियाल जास्त देणारी नवी नोकरी कराराचे चार महिने उरले असताना धरली, तर वाढीव पगार ८०० रियाल मिळतो आणि सेवासमाप्तीतले २,००० रियाल जातात. नुसता पगार पाहून घेतलेला निर्णय असा तोट्यात जातो.

अमिरातीचा हिशेब वेगळा आहे. तिथे एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढे दरवर्षी ३० दिवसांचे मूळ वेतन मिळते, आणि नव्या कायद्याने राजीनाम्यामुळे त्यात कपात होत नाही. हा हिशेब मूळ वेतनावर होत असल्याने करारात मूळ वेतन किती आणि भत्ते किती हे पाहावे लागते. एकूण पगार फुगवून मूळ वेतन कमी ठेवलेला करार शेवटच्या दिवशी उघडा पडतो.

अमेरिका : साठ दिवसांचे गणित

अमेरिकेतला एच-१बी व्हिसा मालकाच्या अर्जावर मिळतो, पण तो नव्या मालकाकडे नेता येतो. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा आहे. व्हिसा तीन वर्षांचा आणि साधारण सहा वर्षांपर्यंत वाढणारा असतो. एकदा मर्यादेत मोजलेल्या व्यक्तीला मालक बदलताना या मर्यादित जागांच्या लॉटरीत पुन्हा उतरावे लागत नाही. २०००च्या कायद्याने आणखी मोठी सोय केली : नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच, मंजुरीची वाट न पाहता, नव्या जागी रुजू होता येते. जपून चालणारे मात्र मंजुरी येईपर्यंत जुनी नोकरी सोडत नाहीत, कारण अर्ज नाकारला गेला तर दोन्हीकडून जातात.

खरी कसोटी कंपनीने कामावरून काढल्यावर लागते. २०२२-२३च्या कपातीत मेटाने ११,००० आणि गूगलने १२,००० जागा कमी केल्या, तेव्हा हजारो भारतीय कुटुंबांना याची झळ लागली. जानेवारी २०१७पासूनच्या नियमाने अशा व्यक्तीला जास्तीत जास्त सलग ६० दिवस, किंवा व्हिसाची मुदत आधी संपत असल्यास तेवढेच दिवस मिळतात. ते नोकरी संपल्याच्या तारखेपासून मोजले जातात.

साठ दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. नव्या मालकाला अर्ज करण्यापूर्वी कामगार खात्याकडून वेतनाबाबतचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याला कामकाजाचे सात दिवस जातात. पदव्या, पगारपावत्या, वकिलाचे कागद यांत आणखी आठवडाभर जातो. म्हणजे मुलाखती देऊन नोकरीचे पत्र हाती येण्यासाठी सुमारे ४० दिवसच उरतात. तेवढ्यात न जमल्यास मुदतीच्या आत जोडीदाराच्या आश्रित व्हिसाचा किंवा अभ्यागताच्या दर्जाचा अर्ज करून मुक्काम कायदेशीर ठेवता येतो, पण पगारी काम थांबते. मालकाने मुदतीपूर्वी काढले असेल तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च त्याने द्यायचा असतो, ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लागले तेव्हा नोकरी बदलणाऱ्यांतही घबराट झाली. ऑक्टोबरमधल्या खुलाशानुसार, अमेरिकेत वैध दर्जाने राहून मालक बदलणाऱ्या किंवा मुदत वाढवणाऱ्यांना ते लागू नाही. मात्र परतून भारतात आलेल्या आणि एच-१बी नसलेल्या माणसासाठी नव्याने जाणे फार महाग झाले.

या सगळ्यावर ग्रीन कार्डच्या रांगेचे सावट असते. एकाच देशात जन्मलेल्यांना वर्षाच्या संख्येच्या साधारण सात टक्क्यांहून जास्त कार्डे मिळत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दहा वर्षांहून मागे आहे. नवा मालक आला की कामगार प्रमाणपत्र आणि आय-१४० हा अर्ज नव्याने करावा लागतो. पण जुना आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर जुन्या मालकाने तो मागे घेतला तरी रांगेतली तारीख टिकते, आणि सहा वर्षांपुढची मुदतवाढही मिळते. ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज दाखल होऊन १८० दिवस झाले की त्याच किंवा मिळत्याजुळत्या कामाची नोकरी धरूनही तो पुढे चालतो. त्यामुळे जाणते लोक बदलीची तारीख पगारवाढीवर न ठरवता या दोन १८० दिवसांवर ठरवतात.

कंपनीच्या अंतर्गत बदलीवर, एल-१वर गेलेल्याला दुसरा मालक धरता येत नाही. त्याला आधी एच-१बी मिळवावा लागतो. शिक्षणानंतर मिळणाऱ्या ओपीटी या कामाच्या परवानगीच्या काळात नोकरी बदलता येते, पण एकूण बेकारी ९० दिवसांपेक्षा, आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखेच्या मुदतवाढीत १५० दिवसांपेक्षा, जास्त चालत नाही.

युरोप आणि इतर देश

ब्रिटनमध्ये ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसा प्रायोजक मालकाशी बांधलेला आहे. नव्या मालकाचे प्रायोजकत्व-पत्र घेऊन पुन्हा अर्ज करावा लागतो आणि मंजुरी येईपर्यंत नव्या जागी काम सुरू करता येत नाही. नोकरी सुटल्याचे मालकाने कळवल्यावर साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. वृद्धसेवेत गेलेल्यांना याचा मोठा फटका बसला, कारण अनेक सेवासंस्थांचे प्रायोजकत्वाचे परवानेच रद्द झाले आणि चूक नसताना कामगारांवर नवा मालक शोधण्याची पाळी आली. एप्रिल २०२५पासून अशा संस्थांना आधी देशातल्याच अडकलेल्या कामगारांना घेण्याचे बंधन आले आणि जुलै २०२५मध्ये या कामासाठी परदेशातून होणारी भरती बंद झाली.

जर्मनीचा संबंध महाराष्ट्राशी थेट आला आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशा व्यवसायांतले सुमारे १०,००० जण पाठवण्याचे उद्दिष्ट आहे. गोंदियातल्या आयटीआय आणि नर्सिंगच्या मुलांना हा मार्ग आखाताला पर्याय ठरू शकतो, मात्र त्यासाठी आधी जर्मन भाषा शिकावी लागते. तिथे उच्चशिक्षितांच्या ‘ब्लू कार्ड’वर पहिले १२ महिने नोकरी बदलल्याचे परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावे लागते. कार्यालय बदल ३० दिवस रोखून तपासू शकते आणि अटी पुऱ्या नसतील तर नाकारू शकते. वर्षानंतर ही अडचण राहत नाही. इतर कुशल कामगारांच्या परवान्यावर मालकाचे किंवा कामाचे बंधन छापलेले असल्यास बदलण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.

आयर्लंडमध्ये सप्टेंबर २०२४पासून नऊ महिन्यांनंतर मालक बदलण्याची सोय झाली. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४पासून प्रायोजित कामगाराला नवा मालक शोधण्यासाठी एका वेळी १८० आणि संपूर्ण व्हिसाकाळात ३६५ दिवस दिले, शिवाय त्या काळात इतरत्र काम करण्याची मुभा दिली. कॅनडात परवाना मालकाशी बांधलेला असला तरी छळ किंवा शोषण सिद्ध करणाऱ्याला २०१९पासून कोणत्याही मालकाकडे काम करण्याचा खुला परवाना मिळू शकतो. सिंगापूरच्या साध्या वर्क परमिटवर संमतीशिवाय बदलायचे तर परवाना संपण्यापूर्वीच्या ४० ते २१ दिवसांत नव्या मालकाचा अर्ज पडावा लागतो. जपानमध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींना मालक बदलता येत नसे. २०२४च्या कायद्याने तिथे येणारी नवी पद्धत एक-दोन वर्षांनंतर त्याच क्षेत्रात बदलण्याची मुभा देते.

बदलण्याचा क्रम आणि कागद

देश कोणताही असो, क्रम सारखाच राहतो. नवे नोकरीपत्र लेखी हाती येते, जुन्या करारातली पूर्वसूचना आणि स्पर्धक कंपनीत न जाण्याची अट वाचली जाते, नवा मालक अर्ज करतो, अर्जाची पावती किंवा मंजुरी मिळते आणि मग जुन्या जागेचा राजीनामा दिला जातो. आखातात पूर्वसूचना सरकारी प्रणालीतून गेली तर तारखेचा वाद राहत नाही. फोरमनला तोंडी सांगितलेले नंतर कोणी मान्य करत नाही. पासपोर्ट स्वतःकडे, करार आणि इकाम्याच्या प्रती घरच्यांकडे, आणि पगार बँकेतूनच, ही तयारी पहिल्या महिन्यापासून असावी लागते, कारण पगार थकल्याच्या कारणावर बदली मागताना पुरावा खात्याच्या उताऱ्याचा लागतो.

कुटुंब सोबत असेल तर बायको-मुलांचे व्हिसाही त्याच परवान्यावर असतात. मुलांच्या शाळेचे वर्ष, आरोग्यविमा आणि घरभाड्याचा करार यांच्या तारखा बदलीच्या तारखेशी जुळवाव्या लागतात. गावाकडे कर्ज असेल तर दोन-तीन महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय वाटाघाटीला बळ येत नाही. उद्याच्या हप्त्याची चिंता असलेला माणूस कायद्याने मोकळा असूनही जागचा हलू शकत नाही.

अडचण आल्यास भारतीय दूतावासाकडे जाता येते. २०१५पासून सुरू असलेल्या ‘मदद’ या पोर्टलवर गोंदियात बसून नातेवाइकांनाही तक्रार नोंदवता येते. दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूर इथे प्रवासी भारतीय सहायता केंद्रे आहेत. निराधार अडकलेल्यांच्या परतीचा खर्च आणि कायदेशीर मदत २००९पासूनच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून होऊ शकते.

परत येऊन पुन्हा जाणे

बदली शक्य नसेल तर उरलेला मार्ग करार संपवून रीतसर निर्गमन घेण्याचा आणि नव्या मालकाच्या व्हिसावर पुन्हा जाण्याचा. सुटीच्या व्हिसावर येऊन परत न जाणे हा त्याचा पर्याय नव्हे. त्याने जुन्या मालकाकडची देणी बुडतात आणि पुढच्या प्रवेशाला अडचण येते. ईसीआर पासपोर्ट असलेल्याला नव्या मालकासाठी नवी मंजुरी आणि नवा विमा लागतो. परदेशात एकूण तीन वर्षे काढल्याचा पुरावा असेल तर पासपोर्टवरची ईसीआर नोंद काढून घेता येते. दुसऱ्या खेपेला जाणाऱ्याकडे अनुभवाचा दाखला, परदेशातले लायसन्स आणि मालकाशी थेट ओळख असते. त्यामुळे एजंटाचे शुल्क कमी होते, हुद्दा नीट लिहून घेता येतो आणि करार सही करण्यापूर्वी वाचला जातो. पहिल्या खेपेला जाणाऱ्यालाही हे तिन्ही करता येते. त्यासाठी नियमांची माहिती त्याच्यापर्यंत मुंबईला जाण्याआधी पोहोचावी लागते, आणि ते काम जिल्ह्यातल्या आयटीआय, नर्सिंग महाविद्यालये आणि रोजगार कार्यालये यांच्या आवाक्यातले आहे.